किती कापले?

स्टेशनातल्या गेटला प्रवासाचं कार्ड लावून पलीकडे गेली की आई दोन पावलांवर थांबते, वळते आणि विचारते, “किती कापले गं?”

मागून माणसांचा लोंढा येत असतो. कुणाच्या पाठीला सॅक, कुणाच्या कडेवर मूल, कुणाची गाडी अर्ध्या मिनिटात सुटणार. मी तिचा दंड धरून तिला बाजूला घेते. गेटवरच्या चिमुकल्या पडद्यावर आकडा येतो खरा, पण येतो आणि जातो. आईचा चालायचा चष्मा वेगळा, वाचायचा वेगळा. वाचायचा चष्मा पर्समधून निघेपर्यंत पडद्यावर मागच्या माणसाचा आकडा आलेला असतो. म्हणून ती मला विचारते, आणि घरी पोचली की छोट्या वहीत लिहिते. तारीख, कुठून कुठे, किती कापले, किती उरले. असे चार रकाने. पहिल्या पानापासून एकाच मापाने आखलेले.

हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, पण त्यातलं क्रियापद मला अगदी अलीकडे ऐकू आलं. पूर्वी आई विचारायची, “तिकीट काढलंस का?” तिकीट आपण काढायचो. खिडकीपाशी वाकून ठिकाणाचं नाव सांगायचो, पैसे मोजून द्यायचो, सुटे परत घ्यायचो आणि हातात पडलेला तुकडा खिशात जपून ठेवायचो. त्या वाक्याचा कर्ता आपण होतो. बसमध्ये कंडक्टर तिकीट फाडायचा, पण तेही आपण मागितल्यावर. कार्ड आल्यापासून तिकीट काढणं संपलं. आता पैसे कापले जातात. पगारातून कापले जातात, दंडापोटी कापले जातात, तसेच प्रवासाचेही. कापणारा कोण, ते वाक्यात येत नाही.

भाडेवसुलीच्या अशाच एका यंत्रणेत मी काही वर्षं हिशेबाच्या बाजूला काम केलं आहे. त्यामुळे ‘कापले’ या तीन अक्षरांमागे काय घडतं ते मला ठाऊक आहे. त्यातलं बरंचसं फार सुंदर आहे.

कार्डाला बॅटरी नसते. प्लॅस्टिकच्या थरांमध्ये बारीक तारेचे वेढे असतात आणि त्यांना जोडलेली इवलीशी चिप. गेटवरच्या रीडरभोवती 13.56 मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड काही सेंटिमीटरांवर आलं की त्या वेढ्यांत वीज खेळू लागते आणि चिप जागी होते. मग आधी ओळख पटवणं. कार्ड आणि रीडर दोघांकडे गुप्त किल्ली असते आणि ती उघड न करता ती आपल्यापाशी आहे हे दोघांनाही सिद्ध करावं लागतं. त्यानंतर रीडर शिल्लक वाचतो, कुठून आत शिरलात ती नोंद वाचतो, भाडं ठरवतो, नवी शिल्लक लिहितो, ती नीट लिहिली गेली ना हे पाहतो आणि दार उघडतो. जपानमधल्या सुइका कार्डाला या सगळ्यासाठी 0.2 सेकंद मिळतात, कारण तिथल्या एका गेटमधून मिनिटाला 60 माणसं जाऊ शकली पाहिजेत, ही अट आधी ठरली होती. मध्येच हात मागे घेतला तरी पैसे अधांतरी लटकत नाहीत, अशी तजवीज चांगल्या चिपमध्ये असते. नवी नोंद पुरी लिहून होईपर्यंत जुनी नोंद खरी धरली जाते. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी सहकाऱ्याला दोनदा समजावून सांगायला लावलं होतं. ज्याने कुणी ही तजवीज केली त्याने घाईत असलेल्या माणसाचा विचार केला होता.

सुइकाचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ते कार्ड 2001च्या नोव्हेंबरात सुरू झालं, पण त्याआधीच्या चाचण्यांत एक अडचण आली. तंत्र चोख होतं, पण माणसांना कार्ड नीट लावता येत नव्हतं. कुणी उभं धरायचं, कुणी रीडरवरून झर्रकन फिरवायचं, कुणी भलत्याच जागी टेकवायचं. रचनाकार शुनजी यामानाका यांनी साधे नमुने बनवले, ते लोकांपुढे ठेवले आणि त्यांचे हात कसे हलतात ते पाहत राहिले. त्यातून उत्तर निघालं ते असं : रीडरचा पृष्ठभाग प्रवाशाकडे 13.5 अंशांनी कललेला हवा, तो उजळलेला हवा, आणि त्यावर लिहायचं ‘स्पर्श करा’. खरं तर स्पर्शाची गरजच नव्हती, कार्ड जवळ आलं तरी भागत होतं. पण टेकवायला सांगितलं की हात क्षणभर थांबतो, आणि तेवढा क्षण चिपला पुरतो.

पुढची पायरी मात्र फारशी कुणी चढलेलं दिसत नाही. कार्ड लावणारा हात पाहिला गेला, तसा आकडा वाचणारा डोळा पाहिला गेला नाही. दार किती वेळात उघडावं याची मोजमापं झाली, पण पडद्यावरचा आकडा किती वेळ राहावा आणि केवढा मोठा असावा, हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत आलेला मला आठवत नाही.

याचं मूळ शोधायला फार मागे जावं लागतं. इंग्लंडमध्ये 1830च्या दशकात टॉमस एडमंडसन नावाचा एक सुतार होता. फर्निचरचा धंदा बुडाला, तेव्हा त्याने न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या एका लहानशा स्टेशनावर नोकरी धरली. त्या काळी तिकीट म्हणजे कारकुनाने हाताने लिहून दिलेला कागद. किती विकले, किती पैसे आले, याचा मेळ घालायला धड साधन नव्हतं. एडमंडसनने जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं छापली, प्रत्येकावर ओळीने क्रमांक घातला आणि तारीख उमटवायचं यंत्र बनवलं. सकाळचा पहिला क्रमांक आणि रात्रीचा शेवटचा क्रमांक पाहिला की दिवसभराची विक्री कळू लागली. ही पद्धत जगभर पसरली आणि शंभर वर्षांहून जास्त काळ टिकली. आपल्यापैकी ज्यांनी पुठ्ठ्याचं तिकीट हातात धरलं आहे, त्यांनी त्याच सुताराचं माप हातात धरलं आहे.

म्हणजे छापील तिकीट मुळात हिशेबासाठी जन्माला आलं, खिडकीमागच्या माणसावर नजर ठेवण्यासाठी. प्रवाशाच्या हाती पुरावा आला तो ओघाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रामच्या कंडक्टरांना जो घंटीवाला पंच मिळाला, त्याचंही तेच. तिकिटाला भोक पडलं की घंटी वाजायची आणि कापलेली टिकली पंचाच्या पोटात साठायची. भाड्याप्रमाणे तिकिटांचे रंग वेगळे, त्यामुळे दिवसाअखेर टिकल्या मोजून गल्ला तपासता यायचा. घंटी होती मालकाच्या भल्यासाठी, पण ती वाजायची सगळ्यांसमोर. प्रवाशाला कळायचं की आपले पैसे नोंदले गेले. आजच्या गेटची बीप हे त्या घंटीचंच लेकरू आहे, आणि आई त्या बीपकडे कान देऊन असते. होकाराची कोणती, नकाराची कोणती, ते तिला पाठ आहे. जपानमध्ये लहान मुलाचं कार्ड लावलं की गेट पिल्लासारखं चिवचिवतं, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती किती तरी वेळ हसत होती.

मग माणसाची जागा गेटने घेतली. ओसाकाजवळच्या किता-सेनरी स्टेशनात 1967 साली तिकीट तपासणारी आपोआप चालणारी गेटं एका रांगेत बसली. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 1972 साली सुरू झालेल्या बार्ट रेल्वेने चुंबकीय पट्टीच्या कागदी तिकिटातच पैसे साठवले. 1996 साली दक्षिण कोरियातल्या सोलच्या बसमध्ये आणि पाठोपाठ 1 सप्टेंबर 1997 रोजी हाँगकाँगमध्ये न घासता, न घालता, नुसतं जवळ नेऊन चालणारं कार्ड आलं. हाँगकाँगच्या कार्डाचं इंग्रजी नाव ऑक्टोपस, पण चिनी नावाचा अर्थ साधारण ‘आठही दिशांना पोचवणारं’ असा होतो. आई म्हणाली, “अष्टदिशा म्हण की सरळ.”

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र ना चिपमध्ये आहे ना गेटमध्ये. ती आहे भाड्याच्या नियमात. लंडनच्या ऑयस्टर कार्डावर 2005 साली दिवसाची कमाल मर्यादा आली. दिवसभरात कितीही वेळा चढा-उतरा, कापलेली रक्कम एका आकड्याला पोचली की त्यापुढे काही कापलं जात नाही. बँकेचं कार्ड थेट गेटला लावण्याची सोय तिथल्या भुयारी रेल्वेत 2014च्या सप्टेंबरात आली, तेव्हा त्या कार्डांना सोमवार ते रविवार अशी आठवड्याची मर्यादाही मिळाली. ही सवलत वाटते त्याहून खूप मोठी आहे. रोज जाणाऱ्याला मासिक पास सहसा स्वस्त पडतो, पण तो काढायला महिन्याचे पैसे एकरकमी हातात लागतात. ज्याच्या हाती रोजचे पैसे रोज येतात तो सुटी तिकिटं काढत राहतो आणि महिन्याअखेर पासवाल्यापेक्षा जास्त भरतो. पैसे कमी म्हणून प्रवास महाग! मर्यादेचा नियम हा अन्याय गुपचूप मिटवतो. पास कोणता घ्यावा हे ठरवायचं ओझं प्रवाशावरून उतरतं, आणि तेही कुणापुढे हात न पसरता, कुठलाही दाखला न दाखवता. भाडेवसुलीच्या यंत्रणेने माणसासाठी केलेलं याहून चांगलं काम मला माहीत नाही. जिथे जिथे कार्ड येईल तिथे तिथे ही मर्यादा यावी असं मला मनापासून वाटतं.

आता आईच्या वहीकडे येते.

एका दुपारी ती एकटीच परतत होती. उतरली तेव्हा स्टेशनात गर्दी उसळली होती, आणि गर्दी लवकर निघावी म्हणून कडेचं रुंद गेट उघडून ठेवलं होतं. तिथला माणूस “चला, चला” करत सगळ्यांना बाहेर काढत होता. आई बाहेर पडली. कार्ड लावायचं राहिलं. दोन दिवसांनी पुन्हा निघाली तेव्हा वहीतला ‘किती उरले’चा आकडा आणि यंत्रावरचा आकडा जुळेना. तिने मागची तीन पानं तपासली, बेरजा पुन्हा केल्या आणि मला म्हणाली, “वही चुकलेली नाही.”

मला तत्क्षणी कळलं. आमच्या खात्यात त्याला ‘अपूर्ण प्रवास’ म्हणत. आत शिरल्याची नोंद आहे, बाहेर पडल्याची नाही. यंत्राच्या लेखी असा माणूस अजून आतच असतो. मग ठरलेली वेळ उलटली की नियमाप्रमाणे सर्वांत लांबच्या प्रवासाचं भाडं लागतं, कारण नाहीतर कुणीही बाहेर पडताना कार्ड लावणार नाही. नियमामागचं कारण मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. रोज सकाळी अशा नोंदींची यादी माझ्यासमोर यायची. कार्डाचा क्रमांक, प्रवेशाचं स्टेशन, वेळ, आणि शेवटचा रकाना रिकामा. तो रिकामा रकाना आम्ही कमाल भाड्याने भरायचो आणि ओळ बंद करायचो. त्या ओळींमध्ये किती जणांना उघड्या दारातून हाताने बाहेर काढलं गेलं असेल, हे मी त्या खुर्चीवर बसून कधी विचारलं नाही. आईची वही समोर आली तेव्हा त्या सगळ्या ओळी आठवल्या.

बॉस्टनच्या कार्डाचं नाव चार्ली आहे. 1949 सालच्या तिथल्या एका निवडणुकीच्या प्रचारगाण्यातला हा माणूस. बाहेर पडताना वाढीव भाडं द्यायला खिशात पैसे नाहीत, म्हणून तो गाडीतच अडकून पडतो. 2006 साली कार्ड आलं तेव्हा त्याला याच चार्लीचं नाव दिलं गेलं. गाण्यातल्या चार्लीला निदान माहीत होतं की आपण अडकलो आहोत आणि कशामुळे. यादीतल्या माणसाला तेही माहीत नसतं. तो आपल्या घरी जेवत असतो आणि यंत्राच्या लेखी अजून स्टेशनात असतो.

आम्ही चौकशीच्या खिडकीवर गेलो. आत एक तरुण मुलगा होता. आईने वही उघडून काचेखालून आत सरकवली. त्याने आधी वहीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

“आजी, तुम्ही बाहेर पडताना कार्ड लावलेलं नाही.”

“दार उघडंच होतं रे बाळा. तुमचा माणूस चला चला म्हणत होता.”

त्याने वेळ विचारली. आईने वहीत वेळ लिहिली नव्हती, पण घरी पोचल्यावर कुणाचा फोन आला होता ते तिला आठवत होतं, त्यावरून तिने सांगितली. तो बराच वेळ काहीतरी बघत राहिला. त्या स्टेशनावर त्या अर्ध्या तासात आत-बाहेरची नोंद अचानक खाली गेलेली त्याला दिसली असावी, कारण मान डोलावून म्हणाला, “बरोबर आहे तुमचं.” जास्तीचे पैसे कार्डावर परत टाकले. मग वही परत देताना हळूच विचारलं, “रोज लिहिता?”

आईला पैसे मिळाले ते वही होती म्हणून. त्या दुपारी त्याच दारातून बाहेर पडलेल्या बाकीच्यांचं काय झालं असेल? मी काम करत होते तेव्हा विचारायला येणारे फार थोडे असत. आपले किती कापले जायला हवे होते हेच ज्याला माहीत नाही, तो काय विचारणार?

आणि हे माहीत असणं आता आणखी अवघड होत चाललं आहे. सुरुवातीच्या कार्डांत शिल्लक खुद्द कार्डावर लिहिलेली असायची. म्हणून तर गेट ती लगेच दाखवू शकायचं. पण पैसे कार्डात ठेवायचे तर कार्डाचं कुलूप भक्कम हवं, आणि जगभर वापरल्या गेलेल्या मायफेअर क्लासिक या चिपचं कुलूप 2008 साली नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी उघडून दाखवलं. तो शोधनिबंध छापला जाऊ नये म्हणून चिप बनवणारी कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयाने छापायला परवानगी दिली, आणि ते योग्यच झालं, कारण दुबळं कुलूप झाकून ठेवल्याने भक्कम होत नाही. पुढे हिशेब कार्डावरून निघून दूरच्या खात्यात जाऊ लागला, त्याच्या कारणांपैकी हे एक. दुसरं कारण म्हणजे बँकेचं कार्ड. त्याच्यावर प्रवासाची शिल्लक लिहिताच येत नाही. नव्या पद्धतीत गेट एवढंच टिपून ठेवतं की हे कार्ड अमुक वेळी इथे आलं होतं. भाडं मागाहून, दुसरीकडे कुठेतरी ठरतं. कार्ड हरवलं तरी पैसे सुरक्षित राहतात आणि मर्यादेचा हिशेब नेमका होतो, असे तिचे मोठे फायदे आहेत. पण गेटला त्या क्षणी आकडा माहीत नसतो. खात्याला विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचं तर रांग तुंबेल.

सिंगापूरमध्ये 2024च्या जानेवारीत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. जुनी, गेटवर शिल्लक दाखवणारी कार्डं 1 जूनपासून बंद होऊन सगळ्यांनी खात्यावरच्या पद्धतीवर यावं, असं जाहीर झालं. किती कापले आणि किती उरले हे ॲपवर पाहायचं. लोकांनी, विशेषतः वयस्कर माणसांनी, एवढी नाराजी दाखवली की दोन आठवड्यांच्या आत, 22 जानेवारीला, निर्णय मागे घेतला गेला. जुनी पद्धत चालू ठेवण्यासाठी 4 कोटी सिंगापूर डॉलरची वेगळी तरतूद झाली. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. शिकली-सवरलेली, यंत्रांना सरावलेली माणसं एवढ्याशा आकड्यासाठी का अडून बसली, असं काहींनी त्या वेळी लिहिलं होतं. आईला ते समजावून सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र मी आईला उशिरा सांगितली. तिच्या वहीतले पहिले तीन रकाने तिकडेही लिहिले जात असतात, रोज, आणि मिनिटासकट. लंडनमध्ये ऑयस्टरवरच्या प्रवासाच्या नोंदी 8 आठवडे कार्डाशी जोडलेल्या ठेवतात, मग ओळख पुसतात. जपानमध्ये 2013 साली सुइकाच्या नोंदी, नावं काढून का होईना, प्रवाशांना न सांगता दुसऱ्या कंपनीला विकल्या गेल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि ती विक्री थांबवावी लागली. आईने शांतपणे ऐकून घेतलं. “मी कुठे जाते ते त्यांना एवढं ठाऊक असतं,” ती म्हणाली, “तर त्या दिवशी मी घरी पोचले हे कसं ठाऊक नव्हतं?”

परवा आम्ही पुन्हा गेलो. आता आमची एक रीत ठरून गेली आहे. गेटच्या पुढे, कोपऱ्यात, शिल्लक बघायचं यंत्र आहे. त्याच्या पडद्यावरचा आकडा कार्ड टेकवलेलं असेपर्यंत हलत नाही. आई कार्ड ठेवते, त्यावर डाव्या हाताचं बोट दाबून धरते, उजव्या हाताने चष्मा बदलते. मी तिची पर्स धरते. ती आकडा वाचते, मग त्याआधीचे प्रवास एकेक करून वाचते आणि तिथेच उभ्याउभ्या वहीत लिहिते. घाई करत नाही.

परवा लिहून झालं आणि आम्ही निघालो तर मागे एक गृहस्थ उभे होते, आईच्याच वयाचे. हातात कार्ड होतं, पण ते पुढे होईनात.

“जरा माझं बघता का?” त्यांनी आईला विचारलं. “मला दिसत नाही. किती कापले ते.”

आईने त्यांचं कार्ड घेतलं, यंत्रावर ठेवलं आणि वरून बोट दाबलं. पडद्यावर आकडा आला. तिने तो लगेच वाचून दाखवला नाही. वहीचं मागचं कोरं पान उघडलं आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, “आधी सांगा, बसलात कुठे आणि उतरलात कुठे?”